बोट आधी, शब्द मागाहून

परवा पहाटे परभणीच्या फलाटावर, जिंतूरकडच्या तांड्यावरील एका माउलीच्या कडेवर बसलेल्या, अजून वर्षही न भरलेल्या बाळाने दिव्याभोवतीच्या पाखरांकडे बोट केले आणि वळून आईकडे पाहिले. बोट आधी, शब्द मागाहून. नाना देशांतली मुले असाच आरंभ करतात. आई गोरमाटीत काही बोलली, शेजारचे आजोबा उर्दूत, मी म्हणालो, ‘पाखरू’. त्या इवल्या अर्जाची दखल घ्यायला दुभाष्या लागत नाही. बोटाच्या रोखाने पाहावे, दिसेल त्याचे नाव सांगावे, एवढेच मागणे. आपण मात्र, खरे सांगायचे तर, घड्याळाकडे पाहत असतो. बोट आधी, शब्द मागाहून. गाडी आली. बोट इंजिनाच्या दिव्याकडे वळले. आम्ही तिघेही तिकडेच पाहू लागलो.