उजव्या वळणाचा सौदा

‘लाखांत एक’ म्हणून सांगितलेली वस्तू दुकानात परडीभर दिसली की माझे डोके उठते. दक्षिणावर्ती शंखांचे तसेच झाले आहे. मूळ गोष्ट खरी. आपला पूजेचा शंख, टर्बिनेला पायरम, मन्नारच्या आणि कच्छच्या आखातांत राहतो आणि जवळजवळ नेहमी डावाच असतो. क्वचित एखादा उजवा, म्हणजे दक्षिणावर्ती, निघतो. (शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरतात, भाविक नळी, त्यामुळे एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा. मी भाविकांची बाजू धरतो.) मग परडी भरते कशाने? बहुधा अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लायटनिंग व्हेल्कने. तो जातीनेच उजवा. शंखाच्या आतल्या खांबावरच्या तीन-चार ठळक वळ्या मात्र त्याला नसतात.

आमचे एक स्नेही याला लबाडी म्हणतात. विकणाऱ्यापुरते खरे, व्हेल्कचा काय दोष? अपवाद वेगळा आणि निराळा नियम वेगळा. उजवा शंख अपवाद, व्हेल्क निराळा नियम. आपण पूजतो तो अपवाद, आणि त्यात त्या जिवाचे कर्तृत्व शून्य. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायींत तर वळण पिलाच्या नव्हे, आईच्या जनुकांवर ठरते. आई एका वळणाची असून सगळी पिले दुसऱ्या वळणाची निघू शकतात.

‘मग पूजाच सोडा,’ स्नेही म्हणतात. त्यांचे सगळे असेच, एका घावात. मला सोडायचे नाही, उलट डाव्याला बढती द्यायची आहे. हडप्पाकाळी गुजरातेत नागेश्वरला बांगड्या कातल्या त्याच्या. बंगाली सुवासिनींच्या हातात तोच. आरतीला शेंडा कापून फुंकतात तोही तोच. मखमल मात्र उजव्याला.

जिवंतपणी हा वाळूतला संथ शिकारी, किडे खाणारा, तपकिरी सालीत झाकलेला. शुभ्रता दिसते ती मेल्यावर, साल खरवडली की. मादी मेंढ्याच्या शिंगासारखा अंड्यांचा कोष वाळूत रोवते. त्यातून पिले सरपटतच बाहेर येतात, प्रवाहावर तरंगत दूर जात नाहीत. म्हणून एखादा पट्टा उपसला गेला, तर लांबून नवी प्रजा वाहत येत नाही.

अस्सल दक्षिणावर्ती कसा ओळखावा, ते सांगायला बसलो होतो. आता तो अस्सलपणाचा हट्टच मला जास्त धोक्याचा वाटतो. उजव्याचा भाव चढला, की त्याच्या शोधात डावे उपसले जाणार. फसलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे बुडतात, एवढेच. आणि दुर्मीळच पूजायचे असेल तर जरा थांबावे. असाच उपसा चालला तर डावाही दुर्मीळ होईल.