गुपचूप गेलेलं दूध

गावच्या डेअरीत संगणक आला तेव्हा सचिव अण्णांनी हिशेबाचा प्रोग्राम पुतण्याकडूनच लिहून घेतला. पोरगा कॉलेजात जावास्क्रिप्ट शिकलेला. सकाळचं माप एका चौकटीत, संध्याकाळचं दुसऱ्या चौकटीत, बेरीज खाली.

पहिल्याच दिवशी आक्कांचे सकाळचे ६ आणि संध्याकाळचे ५ मिळून ६५ लिटर झाले. रांग खो खो हसली. "माझ्या गोठ्यात कामधेनू कधी आली रे?" आक्कांनी विचारलं. पोराला कारण उमगलं. चौकटीत टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टच्या हाती मजकूर म्हणून येतो आणि मजकुरांमध्ये अधिक चिन्ह आलं की ती बेरीज न करता एकापुढे एक चिकटवते. वजाबाकी असती तर हीच भाषा निमूट त्यांचे आकडे करून मोकळी झाली असती. असला लहरी कारभार!

त्याने दोन्ही नोंदी मजकुराचा आकडा करणाऱ्या 'पार्सइंट'मधून काढल्या. बेरीज ११ आली, सगळे खूश.

पुढच्या दहा दिवसांचं बिल घेऊन आक्का परत आल्या. "रोज साडेसहा आणि साडेपाच घातलंय. एकशेवीस लिटर होतात. इथं एकशेदहाच कसे?"

पोराने पाहिलं. पार्सइंट डावीकडून अंक वाचत जातं, दशांशचिन्हापाशी थांबतं आणि पुढचं टाकून देतं. ६.५ चे ६, ५.५ चे ५. कसली सूचना नाही की तक्रार नाही. आणि हे एकट्या आक्कांचंच नव्हतं. साऱ्या गावाचं दूध असंच झिरपत होतं.

अण्णांनी फरक चुकता केला. "त्यापेक्षा ६५ ची चूक बरी," ते म्हणाले, "साऱ्या रांगेला दिसली तरी."

मग पार्सइंटच्या जागी 'नंबर' आलं. ते कडक. '६.५ लि' लिहिलं तरी नाकारणार. एकदा माप घेणाऱ्याने मराठी कीबोर्डवरून अंक टाकले आणि पडद्यावर 'नॅन' उमटलं, म्हणजे ही संख्याच नाही. देवनागरी अंक 'नंबर'ला वाचता येत नाहीत.

"नॅन आलं की शून्य धरतो, काम थांबायला नको," पोरगा म्हणाला.

"मापाचा आकडा वाचता आला नाही, तर मी वहीत शून्य मांडायचो का?" अण्णांनी विचारलं. "जागा कोरी ठेवायचो आणि माणसाला विचारायचो."

पोराने देवनागरी अंक आधी बदलून घेतले आणि तरीही नॅन आलं तर नोंद अडवायची सोय केली. एक फट उरलीच होती: कोऱ्या चौकटीचं 'नंबर' स्वतःच शून्य करतं. त्यासाठी वेगळी तपासणी घातली.

आता नोंद अडली की रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. अण्णा म्हणतात, कुरकुरू दे.