यजमानाचे ऋण आणि पाहुण्याचे कर्तव्य

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही परभणी जिल्ह्यात उन्हे तापू लागली की ऋण काढून लग्ने होतात, आणि ती करणारी माणसे मूर्ख किंवा उधळी नसतात. वर्षभर ती चहाच्या पैशांचाही हिशेब ठेवतात. मग मुलीच्या लग्नातच त्यांचा हात का सुटतो? ‘हौस’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

हा आरोप तसा जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जखते जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून बुडतो, असे अनेकांचे मत होते. आयोगाचा अभिप्राय मात्र निराळा पडला. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षांच्या हिशेबात तो खर्च त्या माणसाच्या ऐपतीला फारसा गैर नाही, असे त्याने नोंदविले. म्हणूनच प्रवचनातून गरिबाला काटकसर शिकवण्याची आम्हांला घाई नाही. पाऊस, कापसाचा भाव आणि व्याजाचा दर यांनी त्याला आधीच पुरेसे शिकविलेले असते.

परंतु आजचे लग्न त्या काळचे राहिलेले नाही. मंगल कार्यालय, डीजे, फेटे, जेवणाचे दहा प्रकार, मोटारींची रांग, असे एकेक कलम वाढत गेले. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. त्याने नाव बदलून यायचे थांबविलेले नाही. २०१७ साली लातूर आणि परभणी या दोन्ही जिल्ह्यांतून, लग्नाच्या खर्चाचा भार बापावर नको म्हणून शेतकऱ्यांच्या लेकींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. ज्या सोहळ्याच्या धास्तीने लेक आपले असणेच ओझे मानू लागते, त्याला हौस कसे म्हणावे?

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न प्रत्येक घरात उच्चारला जातो. हे लोक कोण, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. आमच्या मते ते लोक म्हणजे आपणच, पंगतीला बसलेले. टॉवेल-टोपीचाच मान पाहा. ती टोपी घालणारे आता थोडे; घडी न मोडता ती पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हाती जाते. देणाऱ्याला नको, घेणाऱ्याला नको. तरी एखाद्या सोयऱ्याला ती मिळाली नाही तर तो रुसून बसतो. रुसणारा सोयरा आहे तोवर यजमानाला काटकसरीचा उपदेश करून काय उपयोग?

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मजुराने साधे लग्न केले तर त्याची गरिबी उघडी पडते. पगारदाराने केले तर त्याचे तत्त्व म्हणून कौतुक होते. कृत्य एकच, निवाडे दोन. तेव्हा आरंभ ज्याला परवडते त्याने करावा, आणि तोही एकट्याने नव्हे. १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह अल्प खर्चात लागला, तेव्हा वधूवरांच्या पाठीशी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा नवा समाज उभा होता. टीकेचा घाव अनेकांत वाटला गेला, म्हणून तो सोसवला. आमच्या धर्मग्रामांत घरे मोजकी आहेत. सर्वांना सर्वांचे आमंत्रण असते. दहा घरांनी आहेर घ्यायचा नाही असे ठरविले, तर अकराव्या घराची लाज आपोआप झाकली जाईल.

कानागावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा ही उणीव हेरली ती लग्नाला आलेल्या मरियामातेने. तिने पंगतीत कुजबुज केली नाही. जेथे सांगायचे तेथेच सांगितले. रांजण कसे भरले हे सेवकांना ठाऊक होते. भोजनप्रमुखालाही त्याचा पत्ता नव्हता. पाहुण्याने यजमानाची अब्रू अशी राखली. आपल्या पंगतीत मात्र भाजीत मीठ कमी पडल्याची वार्ता वरात निघण्याआधी शेजारच्या गावी पोहोचते!

विवाहसंस्काराला वधूवरांची संमती, ती स्वीकारणारा धर्मगुरू आणि दोन साक्षीदार एवढेच लागते. गरिबीमुळे कोणी संस्कारांना मुकू नये, असेही १९८३ ची धर्मसंहिता धर्मगुरूंना बजावते. मंडपाचे कलम तीत आम्हांला आढळले नाही.

राहता राहिला मुहूर्ताचा व्यवहार. प्रायश्चित्तकाळात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. ती पुनरुत्थानाच्या सणानंतर, एप्रिल-मे महिन्यांत येतात. मिरगाला मग जेमतेम काही आठवडे उरतात. कापसाचे पैसे मंडपात गेले की बियाणे आणि खत उधारीवर येते, आणि लग्नाचे कर्ज शेतीच्या नावाने वाढू लागते. वेचणी आटोपल्यावर जानेवारीतली तारीख धरली तर हातात काय आहे ते तरी दिसते. तारीख नोंदवायला येणाऱ्या मंडळींपुढे आम्ही वहीबरोबर एक कोरा कागदही ठेवतो. त्यावर पहिली ओळ बियाण्याची, दुसरी धाकट्यांच्या शाळेची. लग्नाचा आकडा त्यांच्या खाली लिहावा लागतो.