शेअर घेणारा कोण होतो?

सिमेंटच्या कंपनीचे शेअर घ्यावे काय, असे खेड्यांतील शिक्षक व शेतकरीही आता विचारू लागले आहेत. शिल्लक पैसा कोठे ठेवावा याचा विचार करणे शहाणपणाचेच आहे. परंतु "नफा किती होईल?" याच्याही अगोदर एक प्रश्न आहे, तो हा की, शेअर घेणारा कोण होतो?

बँकेत पैसे ठेवणारा ठेवीदार होतो; शेअर घेणारा मालकांपैकी एक होतो. कंपनी बुडाली तर त्याने भरलेली रक्कम तेवढी जाते, त्याच्या घरादारावर जप्ती येत नाही. ही मर्यादा कायद्याने घातली असून ती योग्यच आहे. परंतु नुकसानीस मर्यादा आहे म्हणून कर्तव्यासही आहे, असे समजणे बरोबर नव्हे.

सिमेंट कसे होते ते पाहा. चुनखडी सुरुंगाने फोडतात, मातीसह सुमारे १४५० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजतात आणि जिप्सम घालून दळतात. पोरबंदर येथे १९१४ साली असे सिमेंट होऊ लागले. आज आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही त्याचे कारखाने आहेत. त्यापासून पूल, शाळा व घरे होतात, म्हणून हा धंदा मुळात वाईट नव्हे. तथापि खाणीसाठी कोणाचे तरी शेत जाते, आणि धूळ कोणाच्या तरी अंगणात पडते. शिवाय जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांस, त्यांनी संगनमताने भाव चढवले असे ठरवून, सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. कंपन्यांनी ते नाकारले व तंटा वरच्या न्यायासनांपुढे गेला. परंतु असे जेथे खरोखर घडते, तेथे घर बांधणाऱ्या गरिबाने पोत्यामागे जे अधिक दिले, तेच लाभांश होऊन भागधारकाच्या हाती येते.

कोणी म्हणेल, "दहा शेअरांच्या धन्याचे कोण ऐकतो?" त्यास आमचे उत्तर असे: नफ्याचा वाटा राईएवढा आहे म्हणून तो कोणी टाकून देत नाही, मग जबाबदारीचा वाटा राईएवढा म्हणून का टाकावा? भागधारकास वार्षिक अहवाल मिळतो, सभेत मत देता येते. तो अहवाल वाचावा, मत द्यावे, आणि खाणीजवळच्या गावाचे काय झाले, हे विचारावे. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत, आणि ज्या कंपनीची करणी शेजाऱ्यांस सांगावयास लाज वाटेल, तिचे तर मुळीच घेऊ नयेत.