बालवर्गाचे वर्ष: परीक्षा मुलांची की आपली?





आपल्यापैकी अनेकांच्या घरी यंदा एखादे मूल केजी-वन किंवा केजी-टूमध्ये असेल. शिक्षिका दर आठवड्याला काय शिकवले त्याची यादी पाठवतात आणि आपण त्या यादीवर बोट ठेवून मुलाला विचारतो: अक्षरे आली का? आकडे कुठपर्यंत आले? अरबी अलिफ-बा लिहिता येते का? आज मला तुमच्याशी या यादीत नसलेल्या गोष्टींबद्दल बोलायचे आहे. पाच वर्षांचे मूल नीती शिकते का? शिकत असेल तर कोणाकडून शिकते?

हा प्रश्न मला एखाद्या प्रवचनात सुचला नाही. माझ्या घरातच, माझी मान खाली जावी अशा रीतीने तो उभा राहिला. तो प्रसंग पुढे सांगते.

आम्ही उम्म अल कुवैनला राहतो. लोकसंख्येने अमिरातीतले हे सर्वांत छोटे अमिरात. जुना किल्ला, खाडी, खारफुटी, मासेमारीच्या होड्या. इथे भाडे परवडते म्हणून अनेक कुटुंबे इथे राहतात आणि नोकरीसाठी शारजा-दुबई गाठतात. मुलीचे बाबाही त्यांतलेच. ते पहाटे निघतात तेव्हा मुलगी झोपेत असते. त्यामुळे तिला शाळेच्या बसपर्यंत सोडणे माझ्याकडे.

एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली. पहिला आठवडा रडण्यात गेला. त्याच आठवड्यात १४ एप्रिल आला. मी निळी साडी नेसून बसची वाट पाहत उभी होते आणि ही माझा पदर सोडायला तयार नव्हती. पुढे हळूहळू रडणे थांबले. सहा महिन्यांनी मी विचार केला की ही नेमके काय शिकली, तर अक्षरांपेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त निघाल्या. डबा स्वतः उघडणे. बूट घालणे. खेळणे दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबणे. आई दुपारी परत भेटते हा विश्वास. आणि आणखी तीन गोष्टी, ज्या कोणी तिला शिकवल्या नाहीत, पण वर्गाच्या मांडणीतूनच ती शिकली.

पहिली गोष्ट बसण्याची जागा. वर्गात गोल टेबले आहेत. तिच्या टेबलावर एक मल्याळी मुलगा आहे, एक पाकिस्तानी मुलगी, एक फिलिपिनो, एक इजिप्तचा. गोल टेबलाला वरची बाजू नसते. दुसरी गोष्ट पाणी. कोपऱ्यात पाण्याचा कूलर आहे आणि सगळ्यांच्या बाटल्या त्याच एका नळाला लागतात. तिसरी गोष्ट रांग. जो आधी आला तो पुढे. वडील मॅनेजर असोत की ड्रायव्हर, घसरगुंडीवर नंबर आल्यावरच जायचे.

जागा, पाणी आणि रांग. मित्रहो, या तीन शब्दांचा आपल्या इतिहासात काय अर्थ आहे हे तुम्हाला सांगायला नको.

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाल्या. व्हिसासाठी थांबणे म्हणजे काय हे आखाती देशांत राहणाऱ्या आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. बाबासाहेब मात्र आपल्याच देशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याची वाट पाहत होते. त्यांत साताऱ्याच्या शाळेची आठवण आहे. वर्गात त्यांना इतरांबरोबर बसता येत नव्हते. कोपऱ्यात गोणपाटावर बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ सोडेल तेव्हाच प्यायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. त्यांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस महाराष्ट्र शासन २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आपण तो अभिमानाने साजरा करतो. पण त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचा विचार आपण कधी केला आहे का?

ती मुलेही काहीतरी शिकतच होती. जाती श्रेष्ठ आहेत, असा धडा त्यांच्या पुस्तकात असण्याची गरजच नव्हती. कोपऱ्यातले गोणपाट रोज दिसत होते, तेवढे पुरे होते. लहान मूल उपदेशातून फार थोडे शिकते. कोण कुठे बसतो, कोण आधी पितो, कोणाला थांबावे लागते, यातून ते जगाची रचना समजून घेते.

हे आपल्याकडच्या थोर शिक्षकांनी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वंचित वस्त्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असा मार्ग त्यांनी काढला. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर देशभर पोचला. तुमच्यातले कितीतरी जण वस्तीच्या बुद्धविहारात भरणाऱ्या बालवाडीतच पहिल्यांदा बसले असतील. सतरंजी साधी होती, पण ती सगळ्यांसाठी एकच होती.

आता माझ्या घरातला प्रसंग.

सासूबाई दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. शुक्रवारी शाळा लवकर सुटते. जेवण झाल्यावर मुलीने बाहुल्यांचा खेळ मांडला. गालिच्यावर सगळ्या बाहुल्या गोल करून बसवल्या आणि प्रत्येकीपुढे प्लास्टिकचा कप ठेवला. एक बाहुली मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी, खाली फरशीवर. तिच्यापुढे स्टीलचा पेला.

आजीने विचारले, "हिला का गं तिकडं बसवलंस?"

"ती काम करायला येते ना, आजी. तिचा कप वेगळा असतो."

आईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही काही बोलले नाही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा साफसफाईला एक ताई येतात. त्या परदेशी आहेत, म्हणजे आपल्यासारख्याच. त्यांना मी न चुकता चहा देते. पण त्यांचा पेला ओट्याच्या खालच्या कप्प्यात वेगळा ठेवलेला असतो आणि चहा त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, खाली बसून पितात. कोरोनाच्या काळात सुरू झालेली सवय. काळ गेला, पेला तिथेच राहिला.

रात्री आई म्हणाल्या, "आमच्या गावात हॉटेलवाला आमचा कप बाहेर दगडावर ठेवायचा. आपला आपण धुवायचा आणि परत ठेवायचा. तोसुद्धा हेच म्हणायचा, स्वच्छतेसाठी."

त्या रात्री मला झोप आली नाही. भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांचा फोटो. दर रविवारी कोणाच्या तरी घरी बुद्धवंदना, मुलीला पंचशील तोंडपाठ. आणि त्याच घरात गोणपाट! शाळा तिला सहा महिने समता दाखवत होती आणि घर तिला त्याच्या उलट शिकवत होते.

मी स्वतःला समजावले की माझी चेतना वाईट नव्हती. आपल्या धम्मात कर्माचे मूळ चेतनेत आहे. मी कोणाला कमी लेखण्यासाठी पेला वेगळा ठेवला नव्हता. मग हे अकुशल कर्म कसे? या प्रश्नाचे उत्तर मला राहुलाच्या गोष्टीत मिळाले.

राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे तथागत त्याला भेटायला गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि ते भांडे दाखवूनच त्याला खोटे बोलण्याविषयी समजावले. पाणी ओतून टाकले, भांडे उपडे केले. लहान मुलाशी कसे बोलावे, याचा हा आदर्श. पुढे त्यांनी विचारले की आरसा कशासाठी असतो? जसे आरशात पाहतो तसे आपल्या कृतीकडे, बोलण्याकडे, विचाराकडे पाहायचे. करण्याआधी पाहायचे, करताना पाहायचे आणि करून झाल्यावरही पाहायचे की यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होते का.

माझी पळवाट बंद झाली ती "करून झाल्यावरही" इथे. कर्म फक्त हेतूवर सुटत असते तर करून झाल्यावर पाहायला सांगण्याचे कारण काय? पण सवयीला हेतू उरत नाही. ती हेतू विसरून चालू राहते. गावातल्या हॉटेलवाल्याला तरी रोज आमच्याविषयी द्वेष वाटत असेल का? त्याचीही सवयच होती. म्हणून सवयीची परीक्षा तिच्या परिणामावरून करावी लागते. आणि परिणाम दिसण्याची पहिली जागा म्हणजे आपल्या मुलांचा खेळ.

काही जण म्हणतील, इतक्या लहान मुलांना या गोष्टी कशाला? आपण परदेशी आलो ते मुलांना हे भोगावे लागू नये म्हणून, मग त्यांना जात माहीत तरी का व्हावी? हा विचार चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्यामागे आईबापाचे प्रेम आहे. पण मूल कोरे राहत नाही. आपण जात सांगितली नाही तरी उतरंड ते शिकतेच. इथे ती पगाराची, पासपोर्टची, रंगाची असते. त्या गोल टेबलावरची समतासुद्धा फीच्या दाराआतली आहे, हेही मान्य करू या. इथे कुटुंब आणायचे तर किमान ४,००० दिरहॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. आमच्या घरी येणाऱ्या ताईंचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा आहे. तो गावी त्याच्या आजीजवळ आहे. त्या टेबलावर त्याच्यासाठी खुर्ची नाही.

मग सांगायचे कसे? मी मुलीला साताऱ्याच्या शाळेची गोष्ट सांगितली. जातीचे नाव घेतले नाही. एका हुशार मुलाला वर्गात वेगळे बसवत आणि पाण्याला हात लावू देत नसत, इतकेच. माझी अपेक्षा होती की तिला वाईट वाटेल. तिने विचारले, "मग त्याच्या शेजारी जाऊन कोणीच नाही बसलं?"

हाच प्रश्न आपण मुलांच्या मनात रुजवला पाहिजे, असे मला वाटते. बाबासाहेबांची गोष्ट फक्त "आपल्यावर अन्याय झाला" म्हणून सांगितली तर मुलाला जखम मिळते. "तू त्या वर्गात असतास तर कुठे बसला असतास?" असे विचारले तर त्याला शील मिळते. नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा वेगळी आहे आणि समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याची वेगळी. नुसते मानून भागत नाही हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते.

रांगेचा धडा तर संघाचाच आहे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नाव्ही होता. आपला कुळाचा गर्व उतरावा म्हणून राजकुमारांनीच विनंती केली की उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी. संघात ज्येष्ठता जन्मावर नसते, प्रव्रज्येच्या काळावर असते. त्यामुळे पुढे त्या राजकुमारांना उपालीला वंदन करावे लागे. जो आधी आला तो पुढे, हे केजीतल्या मुलांना कळते. आपण मोठे झाल्यावर विसरतो.

आता आमच्याकडे सगळे कप सारखे आहेत. पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा मी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितले आणि माफी मागितली. माफी कशाची, ते त्यांना नीट कळले नाही. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, चहा घाईघाईने संपवला आणि मी नको म्हणत असताना आपला कप स्वतः धुतला. अजूनही धुतात. एका कपाने इतक्या वर्षांची भीती जात नाही. पण मुलगी आता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून दूध पिते आणि त्यांच्या मुलाचे नाव तिला ठाऊक आहे.

तुमच्याकडे एक विनंती. या रविवारी वंदनेनंतर मुले खेळत असतील तेव्हा जरा लांब बसून त्यांचा खेळ पाहा. कोण मालक होतो, कोण नोकर होतो, कोणाला खाली बसवले जाते, कोणाशी कोणत्या आवाजात बोलले जाते ते ऐका. मुलांना रागावू नका. ती आपलेच घर मांडत असतात. बालवर्गाचे वर्ष संपताना शाळा मुलांना प्रगतिपुस्तक देईल. आपले प्रगतिपुस्तक त्या खेळात आहे, ते वाचायला आपण बसले पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!