गणवेशाचा प्रश्न आणि विनंतीचा अदब



फिरऔन स्वतःला लोकांचा सर्वोच्च पालनकर्ता म्हणवून घेत असे. बनी इस्राईलच्या मुलांची त्याने कत्तल चालविली होती. अशा माणसाकडे अल्लाहने हजरत मूसा (अलै.) आणि हजरत हारून (अलै.) यांना पाठविले, तेव्हा सूरह ताहामध्ये त्या दोघांना आदेश झाला की त्याच्याशी मऊ शब्दांत बोला, कदाचित तो बोध घेईल किंवा भय बाळगील. फिरऔन काय उत्तर देणार हे सर्वज्ञ अल्लाहला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही आदेश मऊ बोलण्याचाच झाला. खलीफा मामूनविषयी एक प्रसंग सांगितला जातो. कोणी उपदेशक दरबारात येऊन कठोर बोलू लागला, तेव्हा मामूनने त्याला म्हटले की तुझ्याहून श्रेष्ठ माणसाला अल्लाहने माझ्याहून वाईट माणसाकडे पाठविले, आणि त्यालाही नम्रतेचाच हुकूम दिला. आपल्या शाळेचे मुख्याध्यापक फिरऔन नाहीत आणि त्यांच्या खोलीत जाणारे आपणही मूसा नाही. मग टेबलावर हात आपटण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

हा विषय आज घेण्याचे कारण आहे. शाळांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी उन्हाळ्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे मुलगी आता मोठी झाली, नव्या शाळेत ओढणी डोक्यावर घेऊ देत नाहीत म्हणतात, काय करावे? घोडेगावसारख्या गावात सातवी किंवा दहावीनंतर मुलीची शाळा बदलते, एस.टी.चा प्रवास सुरू होतो आणि नेमक्या याच वयात हा प्रश्न उभा राहतो. त्यावर काही घरांत जे उत्तर निघते ते मला सर्वांत भयंकर वाटते: राहू दे शाळा. ना कोणाला विचारले, ना अर्ज दिला, ना नियम लेखी आहे की नुसता ऐकीव याची चौकशी केली. ज्ञान मिळविणे प्रत्येक मुस्लिमावर कर्तव्य आहे असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, ते कर्तव्य एका ऐकीव बातमीवर सोडून दिले जाते. सूरह हुजुरात तर कोणी बातमी आणली की आधी शहानिशा करा असे बजावते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीला हा नियम लागू नाही, असे कोणत्या आलिमने सांगितले आहे?

म्हणून आधी आपले मागणे काय आहे ते नीट ठरवू. सूरह नूरमध्ये पहिला आदेश पुरुषांना आहे: नजर खाली ठेवा. त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना नजरेचा आणि ओढणीचा आदेश येतो. (आपल्या मुलांना आपण पहिली आयत किती वेळा शिकविली, हा प्रश्न मी प्रत्येक घराकडे सोपवितो.) वयात आलेल्या मुलीने मस्तक व छाती झाकावी याविषयी चारही मजहबांचे इमाम एकमत आहेत. चेहरा झाकण्याविषयी मात्र विद्वानांत जुना मतभेद आहे, आणि हज-उमऱ्याच्या इहराममध्ये स्त्रीने नकाब बांधू नये अशी स्पष्ट हदीस आहे. म्हणून ओढणी आणि नकाब यांची एकाच अर्जात सरमिसळ करू नये. वर्गात शिक्षिकेला विद्यार्थिनीचा चेहरा दिसावा, परीक्षेत ओळख पटावी, ही शाळेची अपेक्षा रास्त आहे. आणि सहा-सात वर्षांच्या बालिकेसाठी तर हा वाद उभाच करू नये. तिच्यावर शरियतने जे बंधन घातलेले नाही त्यासाठी शाळेशी भांडणे म्हणजे दीनमध्ये आपल्या पदरचे ओझे घालणे होय.

गणवेशाकडेही शत्रू म्हणून पाहू नये. शेतमजुराची मुलगी आणि कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी एकाच रंगात एका बाकावर बसतात. इहरामच्या दोन पांढऱ्या चादरींत राजा आणि रंक ओळखू येत नाहीत, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग गणवेशामागचा विचार आपल्याला परका का वाटावा? मागणे एवढेच की गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर असू द्यावी, बाही पूर्ण असावी, सलवार असावी. अर्जात हे असेच लिहावे.

आता विनंती कशी मांडावी, याचा सर्वोत्तम धडा हबशाच्या दरबारात आहे. मक्केतील छळाला कंटाळून काही मुस्लिम समुद्रापलीकडे हबशाला गेले. कुरैशांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना उंची चामड्याच्या भेटी देऊन नजाशीकडे धाडले: ही माणसे आमच्या हवाली करा. नजाशीने निर्वासितांना बोलाविले. हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलावयास उभे राहिले. त्यांनी राजाला दोष दिला नाही, कुरैशांच्या दूतांना शिवी दिली नाही, आपल्या हक्कांची यादीही वाचली नाही. प्रथम आपण पूर्वी कसे होतो ते सांगितले: मृत जनावर खात होतो, शेजाऱ्याला छळत होतो, बलवान दुर्बलाला गिळत होता. मग प्रेषितांनी काय शिकविले ते सांगितले: खरे बोलणे, ठेव परत करणे, नातेवाइकांशी आणि शेजाऱ्यांशी चांगले वागणे. मग आपल्यावर काय गुजरले ते सांगितले. आणि शेवटी म्हणाले की इतरांना सोडून आम्ही आपला देश निवडला, कारण येथे आमच्यावर अन्याय होणार नाही अशी आम्हाला आशा आहे. नजाशीने कलाम ऐकविण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी सूरह मरयमचा आरंभ निवडला. ख्रिस्ती राजाला जवळचा वाटेल असा भाग तो. राजाची दाढी अश्रूंनी भिजली.

येथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. दुसऱ्या दिवशी अम्रने नवा डाव टाकला: हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी हे काय म्हणतात ते विचारा. निर्वासितांच्या जिवावर बेतले होते. तरी त्यांनी ठरविले की अल्लाहने जे सांगितले तेच सांगायचे, आणि ईसा (अलै.) हे अल्लाहचे दास व प्रेषित आहेत असे जाफर (रजि.) यांनी भर दरबारात सांगितले. नम्रता स्वरात होती. सत्यात काटछाट नव्हती. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. आवाज चढा, आणि नेमके काय हवे आहे ते कोणालाच धड सांगता येत नाही.

अदबाचे वजन न्यायालयातही कसे पडते ते पाहा. केरळमध्ये १९८५ साली यहोवाज विटनेसेस पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले, कारण श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत. पण राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि मुलांना शाळेत परत घेण्यास सांगितले. ती मुले आदराने उभी राहत होती, कोणाच्या गाण्यात व्यत्यय आणत नव्हती, ही वस्तुस्थिती त्या निकालाच्या मुळाशी आहे. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. त्यांची वागण्याची रीत मात्र आपण उचलावी अशी आहे.

आपल्या राज्यातील ताजे उदाहरण मुंबईच्या चेंबूरमधील एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे बुरखा घातलेल्या विद्यार्थिनींना फाटकावर अडविले गेले आणि पालक जमले. पुढे २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला यांना मनाई करणारी वेशसंहिता आली. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनींनी आधी महाविद्यालयाला विनंती केली, नंतर विद्यापीठाकडे दाद मागितली, आणि मग त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी व बिल्ल्यावरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. त्याच वेळी वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही आणि या आदेशाचा कोणी गैरवापर करू नये, असेही बजावले. त्या मुलींनी एकही पायरी गाळली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

तरीही कचेरीची वाट शेवटची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकातील प्रकरणात मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असे ठरविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. खटला चालतो तोवर मुलीची वर्षे जातात, आणि तिच्या दीनची व्याख्या तिसराच कोणी करतो. त्यापेक्षा केरळ उच्च न्यायालयाने २०१५ साली वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वेळी काढलेला मार्ग पाहा. मंडळाला कॉपीची भीती होती, दोन विद्यार्थिनींना ओढणी व पूर्ण बाही हवी होती. मुलींनी अर्धा तास आधी यावे, महिला पर्यवेक्षिकेकडून तपासणी करून घ्यावी आणि परीक्षेला बसावे, असे ठरले. समोरच्याची भीती खरी मानून तिचे उत्तर आपण स्वतःच घेऊन गेलो, तर हाच मार्ग न्यायालयाविना मुख्याध्यापकांच्या खोलीत निघू शकतो. ओळख पटत नाही असे ते म्हणतील, तर फाटकावर शिक्षिकेला चेहरा दाखविण्याची तयारी अर्जातच लिहावी. प्रयोगशाळेत ओढणीचे टोक लोंबते हा धोका खरा आहे. तेथे ती आत खोचलेली असेल असे लिहावे.

अर्ज मराठीत लिहावा, शुद्ध आणि एका पानाचा. ज्या नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे आपले म्हणणे मराठीत मांडता येऊ नये ही गोष्ट मला पदवीच्या वर्गातही खुपत असे आणि आजही खुपते. अर्जाच्या आरंभी शाळेचे ऋण मानावे. ते खोटे नसते, मुलीला वाचायला त्याच शिक्षकांनी शिकविलेले असते. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची जुनी रीत आहे. ती म्हशीसाठी ठीक. शाळेशी ठरेल ते उघड आणि कागदावर असावे. तोंडी मिळालेली सवलत मुख्याध्यापकांच्या बदलीबरोबर जाते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. उत्तर नकारार्थी आले तर तेही लेखी मागावे, मग संस्थेच्या सचिवांकडे, आणि त्यानंतर शाळा प्राथमिक असल्यास पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, माध्यमिक असल्यास जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे.

दरम्यान मुलीने काय करावे? शाळा सोडू नये. फाटकापर्यंत ओढणी घ्यावी, आत जेवढी मुभा असेल तेवढी पाळावी आणि पालकांनी अर्जाचा पाठपुरावा करावा. सक्ती करणारा आणि सक्ती झालेला यांना शरियत एकाच मापाने मोजत नाही. जवळपास दुसरी शाळा सोयीची असेल तर तिचा विचार अवश्य करावा. ज्यांचे मन याने निश्चिंत होत नाही त्यांनी आपल्या विश्वासातील मुफ्तींना मुलीची प्रत्यक्ष परिस्थिती सांगून विचारावे. पण तिला घरी बसवून आपण दीन राखला असे कोणी समजू नये. आणि अर्ज देण्यापूर्वी तिलाही विचारावे. ओढणी तिची आहे, वर्गात बसणारी तीच आहे; बापाच्या प्रतिष्ठेचे निशाण म्हणून तिला पुढे करणे हा तिच्यावरचा जुलूम आहे.

शेवटचा मुद्दा अर्ज घेऊन कोणी जावे हा. इमामाने जाऊ नये, जमातीच्या पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये, आणि निवडणुकीला उभे राहणाऱ्यांनी तर मुळीच जाऊ नये. आई-वडिलांनी जावे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. २०२४-२५ मध्ये सरकारने मोफत गणवेशासाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबविली, राज्यभरातून तक्रारी गेल्या आणि पुढील वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा याच समित्यांकडे आले. म्हणजे मुलीच्या गणवेशाचे कापड आणि शिलाई जेथे ठरते त्या सतरंजीवर तिच्या आईसाठी कायद्याने जागा ठेवलेली आहे. आपल्या किती भगिनी त्या सभेला जातात? सभेची तारीख शाळेत विचारून घ्यावी, घरातील पुरुषांनी त्या दिवशी धाकट्या मुलाला सांभाळावे, आणि शिंप्याकडे कापड जाण्यापूर्वी ती एका पानाची विनंती आईनेच वाचून दाखवावी.