न बोलणारी अमानत

हजला किंवा उमराहला निघण्यापूर्वी घरोघरी जाऊन माफी मागायची आपल्याकडे रीत आहे. 'काही कमीजास्त बोललो असू तर माफ करा,' असे म्हणत आपण नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या दारात उभे राहतो. वाण्याची उधारी चुकती करतो. वर्षानुवर्षांचा अबोला त्या आठवड्यात सुटतो. अल्लाह आपला हक्क माफ करील, पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायला हवा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

दोन वर्षांपूर्वी आम्हीही उरणमध्ये असेच फिरलो. उमराहचा सतरा दिवसांचा प्रवास होता. दूधवाल्याला सांगितले, पेपर बंद केला, मोगऱ्याच्या कुंड्या शेजारच्या आगरी मावशींच्या दारात नेऊन ठेवल्या. अडीनडीला असावी म्हणून घराची एक चावीही त्यांच्याकडे दिली. शेवटी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला आणि कुलूप लावले.

आतल्या खोलीत काचेच्या टाकीत एक कासव होते. तळहातापेक्षा थोडे मोठे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले. मुलीच्या हट्टापायी मुंबईहून आणलेले. निघताना तिने विचारले होते, "याचं काय?" आम्ही म्हणालो, "अगं, कासव महिनाभर उपाशी राहू शकतं." मूठभर खाऊ टाकीत टाकला आणि विषय संपला. मेन स्विचबरोबर पाणी गाळणारा छोटा पंपही बंद पडला होता, वरचा दिवाही विझला होता. ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

मक्केत हरमच्या आवारातल्या कबुतरांना लोक दाणे टाकत होते. ते पाहता पाहता मुलगी म्हणाली, "आपल्या कासवाला कोण देत असेल?" त्या रात्री मावशींना फोन केला. घरात कासव आहे हे त्यांना माहीतच नव्हते. त्यांनी दार उघडले तेव्हा न खाल्लेला खाऊ कुजून पाणी काळे पडले होते, खोलीभर दुर्गंधी होती. कासव जिवंत होते, पण त्याचे डोळे सुजून मिटले होते. मावशींनी पाणी बदलले, पुढे रोज बदलले. आम्ही परतल्यावर उपचार झाले आणि ते वाचले.

आम्ही मोगऱ्याची सोय लावली होती आणि कासवाची लावली नव्हती. असे का झाले असेल, यावर नंतर घरात पुष्कळ बोलणे झाले. मोगरा सुकला की दिसतो. मांजर भुकेने ओरडते, शेळी दावे तोडायला बघते. कासव काहीच करत नाही. ते गप्प होते म्हणून आम्ही त्याला समाधानी समजलो. 'महिनाभर उपाशी राहू शकते' हे वाक्य अगदी खोटेही नाही. मोठे, निरोगी कासव काही आठवडे अन्नावाचून तग धरू शकते. पण आम्ही ते माहिती म्हणून म्हटले नव्हते, सोय म्हणून म्हटले होते. एखादा जीव किती सहन करू शकतो हा एक प्रश्न आहे आणि आपण त्याला काय देणे लागतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आम्ही दुसऱ्याला चिकटवले.

मांजरीची हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, ती मेली आणि त्यापायी त्या स्त्रीला अजाब झाला. आपण ही गोष्ट मुलांना 'प्राण्यांवर दया करा' एवढ्यासाठी सांगतो. पण प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीचा गुन्हा नेमका काय सांगितला ते पाहायला हवे. तिने मांजरीला खायला-प्यायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. रिझ्क देणारा अल्लाह आहे. मांजरीचे रिझ्क जमिनीवर पसरलेले होतेच. त्या स्त्रीने दार लावले आणि मांजर व तिचे रिझ्क यांच्या मध्ये ती स्वतः उभी राहिली. ज्या क्षणी आपण झाकण लावतो, त्या क्षणी त्या जिवाचे रिझ्क आपल्या हाती अमानत होते. मग आपले त्याच्यावर प्रेम असो वा नसो.

कासवाच्या बाबतीत ही गोष्ट खाण्यापुरतीच नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखी शरीरातून ऊब निर्माण करून टिकवता येत नाही. थंडी वाटली की उन्हात यायचे, तापले की सावलीत किंवा पाण्यात शिरायचे, हीच त्यांची जगण्याची रीत. आमचे कासव उन्हासाठी दगडावर चढून बसणारे आणि घास गिळण्यासाठी पाण्यात उतरणारे. काचेच्या टाकीत त्याची ही ये-जा त्या दिव्यावर आणि त्या पाण्यावर अवलंबून होती. म्हणजे त्याचे ऊन आणि त्याचे पाणी दोन्ही आम्ही एका बटणाने बंद करून गेलो होतो.

मुंबईच्या जामा मशिदीच्या हौदात मासे आणि कासवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. त्या कासवांना जिवंत झऱ्याचे पाणी आहे आणि वजूला येणारी माणसे रोज त्यांना पाहतात. आपल्या कोकणातही विहिरीत कासव सोडत, पण त्या विहिरीवर रोज कोणीतरी पाणी शेंदायला येई. पूर्वी घराला कुलूप क्वचितच लागे. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजाने जिद्दाला जात. उरणची माणसे मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून जहाजावर. मागे घर भरलेले असे. आज आपण चौघे राहतो आणि चौघेही एकदमच निघतो. बंद फ्लॅट ही नवी गोष्ट आहे, आणि त्यातले मुके जनावर हा नवा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, सरपटणाऱ्या जिवाचे एवढे काय? पाल मारण्याविषयीची हदीस तर लोकांना तोंडपाठ असते. खरे आहे. पण मारतानाही चांगल्या रीतीने मारा, जबह करताना सुरीला धार लावा, जनावराला हालहाल होऊ देऊ नका, अशीही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्याला मारण्याची मुभा आहे त्यालाही कोंडून झुरवण्याची मुभा नाही. मग ज्याला आपण पैसे देऊन घरी आणले त्याची गोष्ट कशी वेगळी असेल? सातशे वर्षांपूर्वीचे विद्वान इझ्झुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी जनावरांचे मालकावरील हक्क सांगताना लिहून ठेवले की, जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी मालकाने त्याच्यावर खर्च केला पाहिजे. आपल्या देशाच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न-पाणी न देणे हा गुन्हा आहे, आणि माणूस सोडून प्रत्येक जीव तिथे 'प्राणी' आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. कायद्याच्या धाकाने हे काम होणार नाही, हे त्या आकड्यावरूनच कळते.

आम्ही परतल्यावर एका नातलगाने सुचवले, "झेपत नसेल तर तलावात सोडून द्या, सवाब मिळेल." हदीसमध्येही खायला घालणे आणि मोकळे सोडणे असे दोन मार्ग दिसतात. पण हे कासव इथले नाही. त्याचे मूळ घर अमेरिकेतले मिसिसिपीचे खोरे. ते फूटभर वाढते, वीस-तीस वर्षे जगते आणि परक्या पाण्यात सोडले की तिथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. एकाला मोकळे करण्यासाठी दुसऱ्यांचे रिझ्क हिरावणे ही दया नव्हे. म्हणजे दोन मार्गांपैकी एक आम्ही दुकानात पैसे मोजले त्याच दिवशी बंद केला होता. (पाठीवर चांदण्या असलेल्या देशी कासवाची गोष्ट वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवणेच गुन्हा आहे. 'बरकत येते' म्हणून कोणी ठेवले असेल तर वन विभागाकडे द्यावे, स्वतः कुठेही सोडू नये.)

उरला एकच मार्ग, सांभाळण्याचा. यंदा पुन्हा बाहेरगावी जायचे होते. आठवडाभर आधी मावशींच्या नातवाला घरी बोलावले. किती खाऊ द्यायचा, पाणी कधी बदलायचे, कासवाला हात लावल्यावर साबणाने हात का धुवायचे, सगळे त्याच्यासमोर करून दाखवले आणि कागदावर लिहून दिले. भरपूर खाऊ एकदम टाकू नकोस, हे दोनदा बजावले. टाकी, पंप, दिवा, सगळे त्यांच्या घरी नेऊन लावले. मुलीने रोज फोन केला.

पण एक गोष्ट सुटत नाही. आम्ही दारोदार माफी मागत फिरलो तेव्हा ज्याचा हक्क सर्वांत ताजा होता, त्याच्याच टाकीवरून पुढे गेलो. बंद्याचा हक्क बंद्याने माफ करायचा, पण कासवाकडे माफी कशी मागणार? ते आम्हाला पाहून अजूनही मान वर करून काचेशी येते. ते माफ केल्याची खूण नाही, भुकेची आहे, एवढे आम्हाला समजते. तौबा आम्ही अल्लाहपाशी केली. बाकीची रोज सकाळी पाणी बदलून करायची आहे, आणि हे कासव वीस वर्षे जगले तर वीस वर्षे.